काळी चौकट : छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांचें अल्प चरित्र

विद्यार्थिमित्रांनो, गतवर्षीं आपल्या शाळेची सहल पनवेल तालुक्यांतील शिरढोण येथें गेली होती, हें तुम्हांपैकीं पुष्कळांस स्मरत असेल. शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मग्राम. ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं तेथें जन्मलेले हे पुरुषश्रेष्ठ १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं मायभूमीपासून दूर, एडनच्या तुरुंगांत निवर्तले. त्यांचें जन्मघर पाहून व स्मारकास वंदन करून झाल्यावर सर्व मुलांचें मिळून एक छायाचित्र घेण्यांत आलें. तें घेतलें आपल्या शाळेच्या एका निवृत्त चित्रकलाशिक्षकांनीं. त्यांच्यापाशीं जुना फिल्मचा कॅमेरा आहे, आणि घरांतील एक खोली अंधारी करून ते आजही स्वतःच्या हातांनीं प्रती काढतात.

तेंच छायाचित्र आम्हीं गतवर्षींच्या अंकांत छापिलें. पानावर जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां आम्हीं चित्राची डावी कड थोडी कापून टाकली. त्यांत कांहीं बिघडलें असें त्या वेळीं आम्हांस वाटलें नाहीं. अंक वांटून आठ दिवस झाले नाहींत तोंच एका विद्यार्थ्याची माता शाळेंत आली. तिच्या हातांत अंक होता. गांवीं राहणाऱ्या आजोबांस दाखविण्यासाठीं तिनें तो जपून कागदांत गुंडाळून ठेविला होता. तिनें कसलीही तक्रार केली नाहीं. आपला मुलगा सहलीस गेला होता कीं नाहीं, इतकेंच तिनें विचारिलें. मुलगा गेला होता. सर्वांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळीत तो अगदीं डावीकडे उभा होता, आणि आम्हीं कापलेली कड नेमकी तीच होती.

आम्ही खजील होऊन त्या शिक्षकांकडे गेलों. त्यांनीं निगेटिव्ह काढली, नवी प्रत केली आणि दुसऱ्या दिवशीं ती आमच्या हातीं दिली. तींत तो मुलगा बाटल्यांसह उभा होता. परंतु त्या प्रतीत आणखी एक गोष्ट होती. चित्राच्या चारी बाजूंस एक बारीक, किंचित् वेडीवांकडी काळी रेघ होती. ही रेघ कशासाठीं, असें आम्हीं विचारिलें. तेव्हां त्यांनीं आम्हांस प्रथम त्या रेघेची आणि मग एका फ्रेंच गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्यानंतर त्या गृहस्थांविषयीं आम्हीं जें वाचलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आधीं रेघेविषयीं. कॅमेऱ्यांतील फिल्मचा जेवढा भाग काचेसमोर येतो तेवढ्यावरच प्रकाश पडतो. नेहमींच्या लहान कॅमेऱ्यांत हा भाग २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या सभोंवारची फिल्म कोरी राहते. निगेटिव्ह रसायनांत धुऊन निघाली म्हणजे ही कोरी पट्टी काचेसारखी पारदर्शक होते. पुढें निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश सोडला असतां जेथें निगेटिव्ह काळी तेथें कागद पांढरा राहतो, आणि जेथें निगेटिव्ह पारदर्शक तेथें कागद काळा पडतो. म्हणून ती कोरी पट्टी कागदावर काळीकुट्ट उमटते.

मात्र सामान्यतः ती आपणांस दिसत नाहीं. चित्र मोठें करण्याच्या यंत्रांत निगेटिव्ह धरण्यासाठीं धातूची एक चौकट असते. तिचें भोंक चित्राहून किंचित् लहान असतें, त्यामुळें चित्राच्या कडा थोड्या झांकल्या जातात. कडेपर्यंतचें सर्व चित्र ज्यास हवें असेल तो कानस घेऊन तें भोंक जरासें मोठें करतो. मग चित्राच्या कडेबाहेरची पारदर्शक पट्टीही उघडी पडते व प्रतीभोंवतीं काळी रेघ येते. कानशीनें घांसलेली कड सरळ नसते, म्हणून रेघही थोडी वांकडी येते. या रेघेचा अर्थ एवढाच कीं, कॅमेऱ्यानें जें पाहिलें तें सर्व येथें आहे. मागाहून यांतील कांहीं कापलेलें नाहीं.

ही शिस्त ज्यांनीं जन्मभर पाळली व जगांतील असंख्य छायाचित्रकारांस शिकविली, ते आंरी कार्तिये-ब्रेसाँ २२ ऑगस्ट १९०८ रोजीं फ्रान्समध्यें पॅरिसजवळील शांतलू या गांवीं जन्मले. त्यांचें घराणें सुताच्या धंद्यांत नांवाजलेलें व सधन होतें. मुलानें धंदा सांभाळावा अशी वडिलांची इच्छा. पण मुलाचें मन चित्रकलेकडे ओढ घेत होतें. शाळेची अखेरची परीक्षा त्यांस उत्तीर्ण होतां आली नाहीं. परीक्षेंत अपयश आलें म्हणजे जन्म फुकट गेला असें मानणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. विद्यार्थ्यांनीं मात्र यावरून अभ्यास सोडूं नये, कारण परीक्षेंत नापास झालेल्या या मुलानें पुढें आंद्रे लोत नामक चित्रकारापाशीं रेषा, प्रमाण व रचना यांचा कसून अभ्यास केला. चित्राच्या चौकटींत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, हा धडा ते तेथें शिकले.

तारुण्यांत साहसाच्या ओढीनें ते पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट येथें गेले आणि शिकार करून उपजीविका करूं लागले. तेथें एका भयंकर तापानें त्यांस गांठलें. आपण वांचत नाहीं असें वाटून आपला अंत्यविधि कसा व्हावा हेंही त्यांनीं घरीं लिहून कळविलें. दैव बलवत्तर म्हणून ते वांचले व मायदेशीं परतले. त्या सुमारास त्यांच्या दृष्टीस एक छायाचित्र पडलें. मार्टिन मुन्काची या हंगेरियन छायाचित्रकारानें तें काढलें होतें, आणि त्यांत तीन आफ्रिकन मुलें सरोवराच्या लाटांत धांवत शिरत होतीं. एका क्षणांत इतका आनंद पकडतां येतो हें पाहून तरुण चित्रकार थक्क झाला. १९३२ सालीं मार्सेय शहरीं त्यांनीं लायका नांवाचा लहानसा जर्मन कॅमेरा विकत घेतला. त्याच्या चकचकीत भागांवर ते काळी पट्टी चिकटवीत, कीं रस्त्यांतील लोकांचें लक्ष वेधलें जाऊं नये. दिव्याचा कृत्रिम झोत त्यांनीं वर्ज्य मानला. जें आहे तें आहे त्या उजेडांत पाहावयाचें, असा त्यांचा नेम होता.

त्यांची मुख्य शिस्त मात्र चौकटीविषयीं होती. चित्र जुळवावयाचें तें कॅमेऱ्याच्या खिडकींतून पाहतांना, बटण दाबण्यापूर्वीं. मागाहून अंधाऱ्या खोलींत कात्री चालवून नव्हे. पुढें पाऊल टाका, मागें सरा, गुडघे टेका, वाट पाहा. पण जें घेतलें त्यास पूर्णपणें जबाबदार राहा, असा या शिस्तीचा आशय होता. अंधाऱ्या खोलींतील काम ते स्वतः फारसें करीत नसत. तें पॅरिसमधील निष्णात कारागिरांवर सोंपवीत. म्हणूनच कारागिराकडून चित्राची कड छाटली जाऊं नये, ही दक्षता त्यांस घ्यावी लागे. त्यांच्या प्रतींभोंवतीं दिसणारी काळी रेघ ही त्या दक्षतेची खूण होय.

येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. न सांगावा तर आम्हींच चरित्राची कड कापल्यासारखें होईल. त्यांचें सर्वांत प्रसिद्ध चित्र १९३२ सालचें आहे. पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनामागें सांचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य उडी मारीत आहे. टांच पाण्यास लागणार, तोंच तो क्षण टिपलेला आहे. हें चित्र त्यांनीं कुंपणाच्या फळ्यांमधील फटींतून घेतलें. फट अरुंद असल्यामुळें एका बाजूस फळी आली, आणि प्रत काढतांना तो भाग कापावा लागला. ज्यांचें नांव न कापलेल्या चित्रांशीं जोडलें गेलें, त्यांचेंच सर्वांत गाजलेलें चित्र कापलेलें निघावें हा दैवाचा विनोदच होय. परंतु त्यांनीं ही गोष्ट दडवून ठेविली नाहीं. आणि असे अपवाद त्यांच्या आयुष्यांत फार थोडे घडले.

१९३७ सालीं लंडनमध्यें राजे सहावे जॉर्ज यांचा राज्यारोहणसमारंभ झाला. एका फ्रेंच वृत्तपत्रानें कार्तिये-ब्रेसाँ यांस तिकडे धाडलें. सर्व कॅमेरे राजाच्या रथाकडे वळले असतां यांनीं आपला कॅमेरा रथाकडे पाठ करून गर्दीकडे वळविला. कठड्यावर चढलेले, एकमेकांच्या खांद्यांवर बसलेले, रात्रभर जागून पेंगुळलेले सामान्य लोक त्यांनीं टिपले. राजा मात्र घेतला नाहीं. त्याच वर्षीं रत्ना मोहिनी या जावा बेटांतील नर्तकीशीं त्यांचा विवाह झाला.

पुढें दुसरें महायुद्ध पेटलें. सैन्यांत दाखल होऊन ते छायाचित्र-विभागांत काम करूं लागले. १९४० च्या जून महिन्यांत जर्मनांनीं त्यांस कैद केलें. तत्पूर्वीं आपला लायका कॅमेरा त्यांनीं एका शेतांत पुरून ठेविला होता. जवळजवळ तीन वर्षें त्यांनीं युद्धकैद्यांच्या छावण्यांत शारीरिक कष्टांचीं कामें केलीं. दोन वेळां पळण्याचा प्रयत्न फसला व शिक्षा भोगावी लागली. १९४३ सालीं तिसऱ्या खेपेस मात्र ते निसटले. आपले वासुदेव बळवंतही एडनच्या तुरुंगांतून निसटले होते. परंतु ते पुन्हा पकडले गेले व त्यांची मायभूमीची भेट झाली नाहीं. कार्तिये-ब्रेसाँ यांचें दैव अधिक अनुकूल होतें. ते स्वदेशीं पोहोंचले आणि पुरलेला कॅमेरा त्यांनीं उकरून काढला.

इकडे अमेरिकेंत ते युद्धांत मरण पावले असा समज पसरला होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन योजिलें. ज्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन, तेच जिवंत असल्याचें कळलें, आणि १९४७ सालीं तें भरलें तेव्हां ते स्वतः त्यासाठीं अमेरिकेंत हजर होते. त्याच सालीं रॉबर्ट कापा, डेव्हिड सीमूर व जॉर्ज रॉजर या मित्रांसमवेत त्यांनीं मॅग्नम नांवाची छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. तोंपर्यंत नियतकालिकें छायाचित्रें विकत घेत, त्यांवर मालकी सांगत आणि वाटेल तशीं कापून छापीत. छायाचित्राची मालकी तें काढणाऱ्याकडेच राहावी, हें या संस्थेचें मुख्य तत्त्व होतें. कार्तिये-ब्रेसाँ यांचा तर असाही आग्रह असे कीं, आपलें चित्र कापूं नये व त्याखालील मजकूर बदलूं नये. कड कापली किंवा खालचे शब्द फिरविले, तर खरें चित्रही खोटी साक्ष देऊं शकतें, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

संस्थेच्या कामाची वांटणी झाली तेव्हां आशिया खंड त्यांच्याकडे आला, आणि १९४७ च्या उत्तरार्धांत ते पत्नीसह भारतांत आले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता व फाळणीच्या जखमा वाहत होत्या. कुरुक्षेत्राच्या निर्वासित-छावणींत त्यांनीं घरदार गमावलेलीं माणसें पाहिलीं व टिपलीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दुपारीं दिल्लीच्या बिर्ला भवनांत ते महात्मा गांधींच्या भेटीस गेले. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाचें पुस्तक त्यांनीं गांधींपुढें ठेविलें, आणि गांधींनीं तें सावकाश चाळलें. त्यांतील एका चित्रांत एक वृद्ध फ्रेंच कवि शववाहिकेकडे पाहत आहे. त्या पानापाशीं ते थबकले व त्याचा अर्थ त्यांनीं विचारला, असें कार्तिये-ब्रेसाँ पुढें सांगत असत. भेट संपवून ते बाहेर पडले. फार वेळ गेला नाहीं तोंच गांधींची हत्या झाल्याची वार्ता त्यांच्या कानीं आली, आणि ते धांवत माघारी फिरले.

त्या संध्याकाळचें त्यांचें एक चित्र जगप्रसिद्ध आहे. बिर्ला भवनाच्या फाटकाशीं पंडित जवाहरलाल नेहरू लोकांस ती दुःखद वार्ता सांगत आहेत. उजेड फार थोडा; एका दिव्याचा झोत तेवढा डोळ्यांवर येतो; आकृति अंधुक आहेत. परीक्षकाच्या दृष्टीनें पाहिल्यास या चित्रांत दोष अनेक सांपडतील. पण त्या रात्रीचा अंधार व गोंधळ त्यांत जसाच्या तसा आहे. दुसऱ्या दिवशींच्या अंत्ययात्रेंतही त्यांचा कॅमेरा लोकांकडेच वळला. झाडांवर चढलेले, चितेकडे हात जोडून उभे असलेले, रडून डोळे सुजलेले लोक हाच त्यांच्या चित्रांचा विषय झाला. लंडनमध्यें राजाकडे पाठ करून ज्या डोळ्यांनीं प्रजा पाहिली, त्याच डोळ्यांनीं त्यांनीं एका राष्ट्राचा शोक पाहिला. हीं चित्रें अमेरिकेंतील लाइफ या नियतकालिकांत छापून आलीं व जगभर गेलीं.

त्यानंतरचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. १९४८ च्या अखेरीस ते चीनमध्यें गेले आणि तेथील राज्यक्रांति त्यांनीं डोळ्यांदेखत पाहिली. १९५२ सालीं त्यांचें मोठें पुस्तक निघालें. त्याचें मुखपृष्ठ मातीस या थोर चित्रकारानें केलें होतें. ‘निर्णायक क्षण’ या अर्थाच्या नांवानें तें इंग्रजींत प्रसिद्ध झालें, आणि तें नांव त्यांस कायमचें चिकटलें. १९५४ सालीं ते रशियांत गेले. १९५५ सालीं पॅरिसच्या लूव्र राजवाड्यांतील एका दालनांत त्यांचें प्रदर्शन भरलें. कीर्तीच्या शिखरावर असतां, वयाच्या साठीनंतर, त्यांनीं छायाचित्रण जवळजवळ सोडून दिलें आणि तारुण्यांतील पहिल्या प्रेमाकडे, म्हणजे पेन्सिल व कागद यांकडे ते परतले. १९७० सालीं छायाचित्रकार मार्टिन फ्रांक यांच्याशीं त्यांचा दुसरा विवाह झाला. ३ ऑगस्ट २००४ रोजीं, पंचाण्णव वर्षांचें दीर्घ आयुष्य भोगून, फ्रान्सच्या दक्षिण भागांत ते शांतपणें निवर्तले.

असें हें चरित्र. आतां यापासून काय घ्यावयाचें? काळी रेघ म्हणजे सत्याची मोहोर, असें मानण्याचा मोह होतो. कांहीं अंशीं तें खरें आहे. परंतु सर्वस्वीं नाहीं. कॅमेऱ्याची चौकट ही मुळांतच एक निवड असते. तिच्या बाहेर नेहमींच कांहींतरी राहून जातें. लंडनचा राजा कार्तिये-ब्रेसाँ यांच्या चौकटीबाहेर राहिला, तो त्यांनीं राहूं दिला म्हणूनच. शिवाय छत्तीस चित्रांच्या एका गुंडाळींतून कोणतें एक लोकांपुढें ठेवावयाचें हीही निवडच होय. काळी रेघ या निवडीविषयीं कांहीं बोलत नाहीं. ती एवढेंच सांगते कीं, बटण दाबण्याच्या क्षणीं मीं जें निवडलें त्यांत मागाहून लबाडी केलेली नाहीं. पुढें अनेक छायाचित्रकारांनीं ही रेघ केवळ शोभेसाठीं उचलली. आतां तर संगणकावर कोणत्याही कापलेल्या चित्राभोंवतीं काळी रेघ सहज ओढतां येते. कपाळीं गंध लाविल्यानें जसा कोणी साधु ठरत नाहीं, तसें रेघ ओढल्यानें चित्र खरें ठरत नाहीं. रेघेस किंमत येते ती ती ओढणाऱ्याच्या शीलामुळें.

आमचा अपराध याच कसोटीवर तपासून पाहिला असतां काय दिसतें? शिरढोणच्या चित्रांत तो मुलगा कडेस उभा होता, कारण सर्वांसाठीं आणलेलें पाणी सांभाळण्याचें काम त्यानें पत्करलें होतें. मध्यभागीं उभे राहणारे बहुधा कापले जात नाहींत. कात्री चालते ती कडेवर. आणि कडेस कोण असतें? जो उशिरां येतो तो, जो लाजतो तो, किंवा जो इतरांचें कांहीं सांभाळीत असतो तो. छायाचित्रकारानें त्यास चौकटींत घेतलें होतें, आणि आम्हीं पानाच्या सोयीसाठीं त्यास बाहेर काढलें. त्यांत कोणाचा द्वेष नव्हता हें खरें. परंतु ज्यास वगळलें त्यास द्वेषानें वगळलें कीं सोयीनें, यानें काय फरक पडतो?

म्हणून या वर्षींच्या अंकांत तेंच छायाचित्र आम्ही पुन्हा छापीत आहों. या खेपेस तें पूर्ण आहे. त्याच्याभोंवतीं तीच बारीक, किंचित् वेडीवांकडी काळी रेघ आहे. पानावर तें थोडें लहान दिसेल व वरखालीं मोकळी जागा राहील; ती राहूं द्यावी असें आम्हीं ठरविलें. अंकाची पहिली प्रत त्या मातेच्या हातीं देण्यांत आली. तिनें पान उघडलें, डाव्या कडेवर बोट ठेविलें, आणि पूर्वींप्रमाणेंच तो अंक कागदांत गुंडाळून गांवीं आजोबांकडे पाठविण्यासाठीं घरीं नेला.